बाटलीत न मावणारं पीक संरक्षण

2002 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. तो लोकरी मावा होता. पानाच्या खालच्या बाजूने तो रस शोषायचा, त्याचा चिकट गोड स्राव खालच्या पानांवर गळायचा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढायची. हिरवागार फड काजळी धरल्यासारखा काळवंडायचा. बघता बघता मावा कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगरकडे सरकला, कर्नाटकातही पोचला. डोक्याच्या वर गेलेल्या, आडव्या पडून एकमेकांत गुंतलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचत नाही, फवारणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र जातो. तरी लोकांनी फवारलं. उभं पीक डोळ्यांदेखत काळं पडत असताना शांत बसवत नाही कुणालाच.

पुढे हा मावा आटोक्यात आणण्याचं मोठं काम केलं तीन किड्यांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या लोकरीतच राहते आणि मावा खात सुटते. मायक्रोमस हा मावा खाणारा दुसरा कीटक. तिसरी एन्कार्सिया, माव्याच्या शरीरात अंडी घालणारी अगदी बारीक गांधीलमाशी, जी ईशान्य भारतातून आणून इकडच्या उसात सोडली गेली. साखर कारखाने, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं आणि बंगळूरूची जैविक नियंत्रणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था यांनी मिळून हे काम केलं. शेडनेटमध्ये माव्यासकट ऊस वाढवून त्यावर डिफा वाढवला. शेतकऱ्यांनी डिफाच्या अळ्या आणि कोष असलेली पानं कापून शेजारच्या फडात नेऊन टाचली. आणि सगळ्यात अवघड सल्ला बऱ्याच जणांनी पाळला, तो म्हणजे औषध मारू नका, या किड्यांना काम करू द्या. दोन-तीन वर्षांत मावा इतका खाली आला की आज उसाच्या पट्ट्यातल्या तरुण शेतकऱ्याला त्याचं नावही पटकन आठवत नाही.

माझ्या मते महाराष्ट्राच्या शेतीतलं हे एक फार मोठं यश आहे आणि त्याची आपण पुरेशी कदर केलेली नाही. डिफाची बाटली कुणी विकली नव्हती, म्हणून त्याची जाहिरात झाली नाही, एजंट गावोगाव फिरले नाहीत, दुकानाच्या भिंतीवर पोस्टर लागलं नाही. कृषी सेवा केंद्रावर जो माल कमिशन देतो, त्याचीच महती शेतकऱ्यापर्यंत पोचते.

मला जे म्हणायचं आहे ते याच अनुभवातून येतं. निसर्गातून येणारं पीक संरक्षण कमकुवत नाही. वनस्पतींचे अर्क, बुरशी, जिवाणू, विषाणू, परोपजीवी कीटक ही सगळी साधनं नीट वापरली तर चालतात, हे वारंवार दिसून आलंय. अडचण अशी की आपण त्यांना रासायनिक कीटकनाशकाच्याच साच्यात कोंबलं. तीच बाटली, तेच दुकान, तोच सल्लागार आणि दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसाव्यात ही तीच अपेक्षा. जिवंत गोष्टीला लागते ती सार्वजनिक व्यवस्था आपण उभी केली नाही. ती उभी करायची जबाबदारी सरकार, विद्यापीठं आणि सहकारी संस्थांची आहे. एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात ती घालून चालणार नाही.

ट्रायकोडर्माचंच बघा. मर रोग आणि मूळकूज यांच्या बुरशीला खाऊन टाकणारी ही मित्रबुरशी. पाकिटातल्या पावडरीत एका ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत बीजाणू असायला हवेत असं मानक आहे. आता ते पाकीट कारखान्यातून निघतं, एप्रिलच्या उन्हात ट्रकमध्ये चार दिवस तापतं, मग पत्र्याच्या छताखालच्या दुकानात मेअखेरपर्यंत पडून राहतं. जूनमध्ये शेतकरी ते विकत घेतो तेव्हा त्यात जिवंत किती उरलं असेल? विरजण उन्हात ठेवून दही लागत नाही म्हणून दुधाला नावं ठेवावीत, तसं आपण ट्रायकोडर्माच्या बाबतीत करतो. भरीस भर म्हणजे दुकानदार त्याच बियाण्याला लावायला कार्बेन्डाझिमचं पाकीटही देतो. बुरशी मारणारं औषध आणि जिवंत बुरशी एकाच वेळी एकाच बियाण्यावर! नंतर शेतकरी म्हणतो, जैविक काही चालत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या शेतात ते खरंच चाललेलं नसतं.

याच्या उलट, हरभऱ्याच्या शेतात घाटे अळीवरचा विषाणू पडल्यावर चार-पाच दिवसांनी सकाळी जाऊन बघावं. एरवी पानाआड, घाट्यात तोंड खुपसून बसणाऱ्या अळ्या झाडाच्या शेंड्यावर चढलेल्या असतात आणि मागच्या पायांवर उलट्या लटकून मेलेल्या असतात. अंगाचं पाणी झालेलं, कातडी जराशा धक्क्याने फुटेल अशी. ती फुटली की आतले कोट्यवधी विषाणू खालच्या पानांवर पसरतात आणि ती पानं खाणारी पुढची अळी आजारी पडते. हा विषाणू घाटे अळीपलीकडे फारसं कुणाला काही करत नाही. माणसाला नाही, मधमाशीला नाही, गाईला नाही. पण उन्हातली अतिनील किरणं त्याला मारतात, म्हणून तो संध्याकाळी फवारायचा आणि द्रावणात कपड्यांना घालायची नीळ मिसळायची. अळी लहान असतानाच फवारायचा, कारण मोठी अळी मरेपर्यंत भरपूर खाऊन घेते. एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तर काम होतं. पण त्या पाकिटावरच्या बारीक छपाईत असून चालत नाही, बांधावर येऊन सांगणारं कुणीतरी लागतं. तशी माणसं तालुक्याला किती पाठवली जातात?

कडुनिंबाचंही तेच. कडुनिंबाचं कौतुक करायला आपण कधीच कमी पडत नाही, आणि ते रास्तच आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी दाखवलं की निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला वाळवंटी टोळ तोंड लावत नाही. पुढे निंबोळीच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांनी युरोपात पेटंट मिळवलं आणि भारतातल्या आणि युरोपातल्या लोकांनी मिळून लढून ते 2000 साली रद्द करून घेतलं. 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्या निकालाच्या बातम्या आपण अभिमानाने वाचल्या. पण त्यानंतर निंबोळी गोळा करण्याची, वाळवण्याची, साठवण्याची व्यवस्था आपण किती गावांत केली?

निंबोळ्या पडतात जून-जुलैत, नेमक्या पेरणीच्या धांदलीत. पावसात भिजल्या की त्यांना बुरशी लागते आणि मग त्या कामाच्या राहत नाहीत. गोळा कराव्या लागतात वेळेवर, साल काढून सावलीत वाळवाव्या लागतात. हे काम बायकांच्या वाट्याला येतं आणि त्याच दिवसांत त्यांना शेतात खुरपणीची मजुरीही मिळत असते. मग निंबोळी वेचायची कोणी? पाच टक्के निंबोळी अर्काची कृती शाळेतल्या पोरालाही पाठ होईल इतकी सोपी आहे: पाच किलो निंबोळीची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून 100 लिटर करायचं. कृती माहीत नाही म्हणून हा अर्क मागे पडलेला नाही. पेरणीच्या आठवड्यात कष्ट करणारे हात कमी पडतात म्हणून तो मागे पडतो. सरकारने ठरवलं तर काय होतं हेही आपण पाहिलंय: 2015 मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं झालं आणि निंबोळीला एकदम गिऱ्हाईक आलं. तोच निर्धार गावातल्या बचत गटाकडून निंबोळी भरड खरेदी करून त्याच गावातल्या शेतकऱ्याला पुरवण्यात दाखवायला काय हरकत आहे?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी बोलायला हवं, कारण तेही माझेच आहेत. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला मान्य नाही. दहा वनस्पतींचा पाला कुजवून केलेल्या दशपर्णी अर्कात धोतरा असतो, कण्हेर असते, रुई असते. यातली कुठलीही वनस्पती पोटात गेली तर माणूस दवाखान्यात जाईल. तरी महिनाभर कुजवलेलं ते मिश्रण लोक उघड्या हातांनी ढवळतात, उघड्या अंगाने फवारतात, कारण ते घरचं आहे. तंबाखूचा काढा तर शुद्ध विष. निकोटिन कीटकाच्या ज्या मज्जासंस्थेवर हल्ला करतं तशीच मज्जासंस्था आपल्याला आहे. स्पिनोसॅड हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक. जगात अनेक ठिकाणी सेंद्रिय शेतीतही त्याला परवानगी आहे, पण पानावर ओलं असताना त्यावर बसलेली मधमाशी मरते. फुलोऱ्यातल्या डाळिंबावर सकाळी स्पिनोसॅड मारणाऱ्याला ते 'नैसर्गिक' असल्याचा काहीही फायदा नाही. हातमोजे, मास्क, फवारणीची वेळ, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं काढणीपूर्वीचं अंतर हे सगळे नियम अर्कालाही लागू हवेत आणि जिवाणूजन्य औषधालाही.

आणि निसर्गाकडून घेतलेली गोष्टही बेफिकीरपणे वापरली तर हातची जाते. अळ्या मारणारं प्रथिन बनवणारा बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणू जपानमध्ये 1901 साली मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. 1911 मध्ये तो जर्मनीत पुन्हा सापडला आणि तिथल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. पुढे अनेक दशकं त्याच्या भुकटीची फवारणी होत आली. फवारलेलं बीटी उन्हाने काही दिवसांत निकामी होतं, त्यामुळे किडीवर त्याचा दबाव सततचा नसतो. त्याचंच जनुक 2002 मध्ये भारतातल्या कपाशीत आलं. मग शेतातलं प्रत्येक झाड, हंगामाचा प्रत्येक दिवस, तेच प्रथिन. प्रतिकार उशिरा यावा म्हणून बियाण्यासोबत बिगर बीटी बियाण्याची छोटी पिशवी दिली जायची, बांधाकडेने लावायला. ती पिशवी बहुतेकांनी फेकून दिली आणि कंपन्यांनी, कृषी खात्यानेही तो प्रश्न कधी धसास लावला नाही. बीटीला पचवायला शेंदरी बोंडअळीला पंधरा वर्षं पुरली. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि सडलेला कापूस.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, फवारा वाऱ्याने तोंडावर येत होता, आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळायचा सल्ला दुकानातून मिळत होता. मेलेल्यांत शेतमजूरही होते. दुसऱ्याच्या शेतात दिवसाच्या मजुरीवर पंप उचलणाऱ्याला औषध निवडण्याचा हक्क नसतो, वाऱ्याची दिशा बघून थांबण्याचाही नसतो. या माणसांच्या बाजूने बघितलं की पर्यायी पीक संरक्षणाला शहरी लोकांचा शौक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. विषमुक्त भाजीची चैन हा इथला विषय नाही. पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव हा विषय आहे.

रासायनिक औषधांवर एका रात्रीत बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतं आणि कीटकनाशकांची आयात अचानक बंद केली. शेतकऱ्याच्या हाती पर्याय दिला नव्हता, प्रशिक्षण नव्हतं. भाताचं उत्पादन कोसळलं, चहालाही फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते सेंद्रिय शेतीच्याच नावाचं. बदल व्हायचा तर पर्याय आधी बांधावर पोचला पाहिजे, जुनं साधन मग काढून घ्यावं.

आपल्याकडेच हे कसं होतं याचं उदाहरण आहे, आणि ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आहे. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. बागायतदार पुरते होरपळले. त्यानंतर काढणीआधीच्या शेवटच्या टप्प्यात भुरी या बुरशीजन्य रोगासाठी बॅसिलस सबटिलिस, ट्रायकोडर्मा, अँपेलोमायसिस अशी जैविक साधनं वापरायला मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने शिकवलं आणि बागायतदारांनीही ती आपलीशी केली. कारण सरळ होतं. माल प्रयोगशाळेत तपासला जात होता आणि अंश सापडला तर पैसे बुडत होते. तोच शेतकरी घरच्या बाजाराला भेंडी, वांगी पाठवतो तेव्हा ती कोण तपासतं? युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या ताटासाठी आपण जे शिकलो ते आपल्या गावच्या आठवडी बाजारासाठी वापरायला आपलं कुठे अडतं? अडतं ते तपासणीच्या इच्छेपाशी.

याच द्राक्षपट्ट्यात दुसरी एक कीड आहे, भेसळीची. 'जैविक', 'हर्बल', 'टॉनिक' अशा नावाने मिळणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असतं. ते पटकन काम करतं म्हणून खपतं आणि लेबलवर नसल्यामुळे काढणीपूर्वीचं अंतर कुणी पाळत नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने संपूर्ण शेवटचा महिना अशाच 'जैविक' मालावर काढला आणि तपासणीत त्याच्या द्राक्षात असा अंश निघाला जो त्याने आयुष्यात कधी विकत घेतलाच नव्हता. ज्याने विश्वासाने जैविक स्वीकारलं तोच फसला, आणि तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. अशा 'टॉनिक' प्रकारच्या जैवउत्तेजकांना 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणलं गेलं आणि त्यांत कीटकनाशकाचा अंश किती चालेल याची मर्यादाही ठरली, हे चांगलं झालं. पण बाटली तालुक्याच्या दुकानातून उचलून प्रयोगशाळेत नेणारा निरीक्षक नसेल तर त्या मर्यादेचा शेतकऱ्याला उपयोग काय?

हे काम खाजगी कंपन्यांवर सोडून होणार नाही असं मी म्हणतो, त्यामागे त्यांच्याबद्दल आकस नाही. काही कंपन्या उत्तम दर्जाचा माल बनवतात. पण डिफासारखा किडा, एकदा सोडला की स्वतःच वाढणारा, कुणाला विकून फायदा होणार? पपईवरचा मेक्सिकन पिठ्या ढेकूण 2008 च्या सुमारास दक्षिण भारतात आला आणि पपई, तुती, टॅपिओका सगळं खाऊ लागला. बंगळूरूच्या राष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याकडून पोर्टोरिकोतली अ‍ॅसेरोफेगस नावाची परोपजीवी बारीक गांधीलमाशी मागवली, वाढवली आणि मोफत वाटली. ढेकूण आटोक्यात आला. हे काम सार्वजनिक पैशातूनच होऊ शकतं, कारण त्याचा फायदा कुणा एकाच्या गल्ल्यात जात नाही.

म्हणून माझी मागणी मोठ्या घोषणेची नाही. प्रत्येक तालुक्यात जैविक घटकांचं छोटं उत्पादन केंद्र असावं, साखर कारखान्याकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे. ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा माशीची पट्टी), मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी, घाटे अळीचा विषाणू तिथे हंगामाच्या मागणीप्रमाणे ताजा बनावा आणि आठवडाभरात शेतात पोचावा. अनुदान बाटलीवर न देता निंबोळी वेचणाऱ्या, ट्रायकोकार्डच्या पट्ट्या पानाखाली टाचणाऱ्या, पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे, पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे रात्री गोळा करणाऱ्या माणसांच्या मजुरीवर द्यावं. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांनी कहर केल्यानंतर राज्याने क्रॉपसॅपखाली कीड सर्वेक्षण सुरू केलं. त्याच सर्वेक्षणातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर किडीसोबत मित्रकीटकांची आणि रोगट अळ्यांची संख्याही यायला हवी. ऑगस्टच्या दमट हवेत सोयाबीनवरच्या अळ्या पांढऱ्या पडून ताठ झालेल्या, मग हिरवट बुरशीने मढलेल्या दिसल्या तर त्या आठवड्यात फवारणी करूच नका, हा निरोप कोणतंही दुकान देणार नाही. तो कृषी खात्यानेच द्यायला हवा.

आणि दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जैविक बॅचची जिवंत बीजाणूंची संख्या आणि रासायनिक अंशाची तपासणी, कंपनीच्या नावासकट, दर महिन्याला कृषी खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत लागावी. नमुना कुठल्या दुकानातून उचलला, कोणत्या तारखेला उचलला, हेही. पुढच्या खरिपाच्या आत हे सुरू करायला नवा कायदा लागत नाही.